दर लाखामागे रामटेकेबाई

रामटेकेबाई माझ्या घरी इतकी वर्षं आल्या-गेल्या, पण खुर्चीला टेकलेल्या मी त्यांना क्वचितच पाहिलं. चहा घ्यायचा तो उभ्याने, खिडकीशी, बशीत ओतून. आणि डोळे खाली रस्त्यावर. मी म्हणायची, "अहो बाई, बसा ना घटकाभर, चहा काय पळून जातोय?"

"चहा नाही हो शालनताई, तो टेम्पोवाला पळून राहिला. पाहा, पाहा, कसा वळला! आरशात पाहिलं काय त्यानं? नाहीच पाहिलं." मग 'च्च' असा जिभेचा आवाज, एक घोट, आणि पुढचा टेम्पो.

आमची सोसायटी मुलुंडला, मोठ्या रस्त्याला अगदी खेटून. माझं घर दुसऱ्या मजल्यावर, नि माझं शिलाई मशीन खिडकीपाशी. आयुष्यभर मी ब्लाउज शिवले, उजेडासाठी मशीन तिथं ठेवलेलं. बाईंना माझ्याबद्दल प्रेम होतंच, नाही असं नाही, पण माझ्या खिडकीबद्दल जरा जास्त होतं हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यांचं घर मागच्या बाजूला, तिथून दिसायचं ते फक्त नारळाचं झाड आणि पाण्याची टाकी. "टाकीकडे किती वेळ पाहणार?" असं म्हणून त्या वर यायच्या.

उंच, काटकुळ्या बाई. सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. लग्नालाही बूट, विहारात वंदनेला जाताना दारापर्यंत बूट. पर्स खांद्यावरून आडवी, पोस्टमनसारखी. भंडाऱ्याकडच्या, पण नोकरी सगळी मुंबईत झाली. सरकारी कचेरीत जिल्ह्याजिल्ह्यांतून रस्त्यावरच्या अपघातांचे आकडे यायचे, ते शेजारी शेजारी मांडून बघायचं हे त्यांचं काम. कुठे जास्त माणसं गेली, कुठे कमी, का जास्त, का कमी. मिस्टर टेलिफोन खात्यात होते, ते आजारपणात गेले. मुलगी प्रज्ञा नागपूरला कॉलेजात शिकवते. बाई रिटायर झाल्या खऱ्या, पण ते शेजारी शेजारी मांडणं काही सुटलं नाही. उलट कचेरीत निदान संध्याकाळी सुटी व्हायची.

कुणी पेपरातली बातमी वाचून म्हणालं, की अरे बापरे, अमुक शहरात किती माणसं मेली रस्त्यावर, की बाईंचा प्रश्न ठरलेला. "नुसतं किती मेली म्हणून काय समजणार? दर लाखामागे सांगा." म्हणजे तिथल्या लाख माणसांत किती. पोरांनी त्यांचं नावच पाडलं होतं, दरलाख मावशी. सोसायटीचे सेक्रेटरी सावंत एकदा कुणाच्या तरी घरातल्या दोन घटस्फोटांबद्दल कुजबुजत होते, तर बाई मागून म्हणाल्या, "दर लाखामागे काढू नका सावंत, भयंकर येईल." सावंतांना हसावं की नाही कळेना.

मला आकड्यांचं काय कळतंय! शाळा माझी सातवीत सुटली, पुढचं जे काही आलं ते वाचून आणि ऐकून. मी म्हटलं, बाई, मला हे लाखाचं प्रकरण समजावून सांगा. तर म्हणाल्या, "एका घरी चार माणसं जेवतात, तिथं दोन पोळ्या जळल्या. दुसऱ्या घरी चाळीस माणसं जेवतात, तिथं पाच जळल्या. सांगा, कोणती बाई वाईट स्वयंपाकीण?"

"पहिली," मी म्हटलं.

"पण ओरडा कोणाच्या नावानं होतो? दुसरीच्या. पाच जळल्या, पाच जळल्या! बस, एवढंच आहे आमचं शास्त्र." आणि मग जग सुरू व्हायचं. स्वीडन, नॉर्वे इकडे गाड्या रगड पण मरण थोडं. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत गाड्या मोजक्या आणि मरण आपल्याहूनही जास्त. "गाडी मारत नाही शालनताई, रस्ता मारते." नकाशावर कधी बोट न ठेवलेली मी, पण कुठल्या देशात माणूस सुखाने रस्ता ओलांडतो हे मला ब्लाउजाला हुक लावता लावता पाठ झालं.

आता हे सगळं खिडकीत ठीक होतं. पण बाई ते खिडकीत ठेवतील तर ना!

आमच्या मजल्यावरच्या कुसुमचा निखिल नोकरीला पोलंडला निघाला. कुसुम म्हणजे तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी नुसती फुलली होती. पेढे वाटत होती, सोसायटीच्या आवारात सगळे जमलेले. बाई आल्या, पेढा घेतला, विचारलं, "कुठं?"

"पोलंड, मावशी."

"हं. आपल्यापेक्षा पुष्कळ बरं. शेजारी जर्मनी आहे, तिथं अजून बरं होतं." जणू काय भाजी निवडतायत! मग म्हणाल्या, "तिथं गाड्या उजवीकडून चालतात. रस्ता ओलांडताना आधी कुठं पाहशील?"

निखिल बिचारा इंजिनिअर. "उजवीकडे," म्हणाला.

"मेलास," बाई म्हणाल्या.

कुसुमच्या हातातला पेढ्यांचा बॉक्स तसाच. बाईंना पत्ताच नाही. त्यांनी दोन स्कूटर सरकवायला लावल्या, मध्ये रस्ता केला, आणि त्या सहा फुटी मुलाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. "आधी डावीकडे. मग उजवीकडे. परत डावीकडे. मान वळव, नुसते डोळे नको फिरवू. पुन्हा." पोरगा लाजून लाल. खालची पोरं टाळ्या पिटतायत. चार-पाच फेऱ्या झाल्यावर म्हणाल्या, "आता जा, सुखी राहा," आणि दुसरा पेढा उचलला.

कुसुम रात्री माझ्याकडे आली ती फणफणत. "शालन, ही बाई काय माणूस आहे का गं? जाताना पोराला मेलास म्हणते? एवढं अभद्र कोण बोलतं? नक्की हिचं कुणीतरी गेलंय रस्त्यावर, त्याशिवाय असं डोक्यात शिरत नाही."

मलाही तसंच वाटायचं. एकदा मी धीर करून विचारलं. बाईंनी बशी खाली ठेवली. रागावल्या नाहीत, पण आवाज बदलला. "सगळे हेच विचारतात. माझं कोणी गेलं नाही शालनताई. नवरा साखरेनं गेला, आईबाबा वयानं. कोणी गेल्यावरच विचारायचं काय? जायच्या आधी विचारलं तर येडी?"

मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. कुसुम मात्र पुढे कितीतरी महिने बाईंशी बोलली नाही.

आमचं भजनी मंडळ होतं. नाशिकच्या बाजूला कार्यक्रम ठरला, मिनी बस ठरली, आणि बघतो तर बाई बूट घालून फाटकाशी हजर. कुसुम ठसक्यात म्हणाली, "तुम्ही भजनाला कधीपासून?"

"देवासाठी नाही आले. ड्रायव्हरसाठी आले," बाई म्हणाल्या. आणि खरंच त्याच्या शेजारच्या सीटवर. आधी त्याला विचारपूस. रात्री गाडी कुठे होती? शिर्डीला. परत कधी आला? पहाटे. झोपला किती? तो हसला. बाईंनी घाटाच्या अलीकडे एका धाब्यावर बस थांबवली, त्याला खाटेवर झोपवलं, आणि आम्हा सगळ्यांना ताकीद दिली की कुणी हाक मारायची नाही. आम्ही नटूनथटून, गजरे माळून, धाब्याच्या अंगणात कोंबड्यांकडे बघत बसलो. कार्यक्रमाला उशीर. आमची पेटी वाजवणारी विमल वैतागून म्हणाली, "बाई, आपल्या मुंबईत रोज एवढे धडकतात, तिकडे बघा ना जाऊन!"

"मुंबईत धडकतात हळू. खरचटतात, भांडतात, घरी जातात. इथं धडक कमी, पण झाली की घरी कोणी जात नाही," बाई म्हणाल्या, आणि उठून झोपलेल्या ड्रायव्हरच्या तोंडावरच्या माश्या हाकलायला लागल्या.

तर अशा बाई. त्यांचा राग यायचा, हसू यायचं, पण त्या चुकत नाहीत असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. चुकल्या तेव्हा म्हणूनच जास्त लागलं.

झालं असं. आमचा मोठा रस्ता रुंद केला. तो रुंद केला तो केलाच, वर मधोमध डिव्हायडर घालून त्यावर कंबरेएवढी लोखंडी जाळी ठोकली. पूर्वी आमच्या फाटकासमोर मोकळी जागा होती, तिथून हात दाखवत लोक पलीकडे जायचे. ती बंद. पलीकडे काय नव्हतं? मंडई पलीकडे, दवाखाना पलीकडे, बाग पलीकडे, बाईंचा विहार पलीकडे, आमची विमल पलीकडे. आता जायचं तर लांबच्या चौकापर्यंत चालत जायचं, फुटपाथ निम्मा फोडलेला, चौकात चारी बाजूंनी गाड्या, आणि मग तेवढंच उलटं यायचं. रिक्षावाला तर एवढ्याशा भाड्याला मान हलवूनच निघून जातो.

सोसायटीने अर्ज केला, आम्हाला इथं चालणाऱ्यांसाठी सिग्नल द्या. बरेच खेटे घातल्यावर एका मोठ्या साहेबांनी मीटिंग दिली. सावंत म्हणाले, बाईंसारखा माणूस आपल्याकडे आहे, आकडेवारी तुम्हीच मांडा. बाईंना काय, मासोळीला पाणी! माहितीच्या अधिकारात अर्ज करून त्यांनी आमच्या रस्त्याचे आकडे मागवले, आसपासच्या उपनगरांतल्या रस्त्यांचे मागवले, बाकी शहरांचे, राज्याचे, देशाचे त्यांच्याकडे होतेच. सगळं एका मोठ्या कागदावर. आणि आदल्या संध्याकाळी सावंतांना दाखवायला आणलं ते माझ्याच घरी.

सावंतांनी चष्मा लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बाई, ह्यात तर आपला रस्ता सगळ्यात चांगला दिसतोय!"

"सगळ्यात नाही. पण कमी आहे. दर लाखामागे आपल्या भागात मरण कमी आहे, खरं आहे ते."

"मग ही ओळ गाळा ना! कशाला दाखवताय?"

"काहून गाळू? आपल्या सोयीचा नाही म्हणून आकडा गाळायचा? मग कोणी माझ्या दुसऱ्या आकड्यांवर भरवसा काहून ठेवावा? मी सांगणार, आज कमी आहे, कमीच राहावा म्हणून सिग्नल द्या."

सावंतांनी माझ्याकडे पाहिलं, मी मशीनकडे पाहिलं. बाईंपुढे कोण बोलणार.

मी मीटिंगला गेले होते, पाठीमागच्या खुर्चीवर. बाईंनी सुरेख मांडलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं, कागद जवळ ओढला, बोट ठेवलं ते नेमकं त्याच ओळीवर. "मॅडम, तुमचे आकडे अगदी बरोबर आहेत. आमच्याकडेही हेच आहेत. सिग्नल थोडे, मागणी जास्त. जिथे माणसं जास्त मरतायत तिथे आधी द्यायला नको का? तुम्हीच सांगा."

बाईंनी कागद परत ओढून त्याची घडी घातली. तो त्यांचाच हिशेब होता. जन्मभर त्यांनी हेच तर सांगितलं होतं, की शेजारी शेजारी मांडा आणि जिथे जास्त तिथे आधी धावा. सिग्नल दुसऱ्या कुठल्याशा भागात गेला.

सोसायटीत काय बोललं गेलं ते सांगवत नाही. "वाट लावली आपलीच," कुसुम जिन्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, बाईंना ऐकू जाईल असं. "जगाचे आकडे पाठ, आणि स्वतःच्या दाराचा रस्ता घालवला." बाई जिना उतरत होत्या. थांबल्या नाहीत.

त्यानंतर त्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, मन मोडलं. पण खिडकीतून बघते तर बाई खालीच! फाटकासमोर, जाळी जिथे घातली तिथे, फुटपाथच्या कडेला उभ्या. सकाळी उभ्या, संध्याकाळी उभ्या. बसत नव्हत्याच त्या, पण आता एका जागी उभं राहणंही जमत नव्हतं. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, हात पर्सच्या पट्ट्यावर. मला वरून बघून जीव कालवायचा. मी हाक मारायची, "बाई, चहा!" त्या हातानेच नको म्हणायच्या.

एक दिवस वर आल्या. खिडकीकडे गेल्याच नाहीत, सरळ माझ्यासमोर उभ्या. "शालनताई, विमलताईंकडे तुम्ही कधी गेल्या होत्या?"

"अहो रोज बोलतो आम्ही, सकाळीच फोन झाला."

"फोन नाही. पायानं."

मी सुई धरून बसले. आठवेना. गणपतीत? नाही, तेव्हा तीच आली होती, मुलाच्या गाडीतून. आमचं भजनी मंडळ तुटलं होतं हे माझ्या लक्षात होतं, पण ते का तुटलं हे मी कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. पेटी पलीकडे आणि गाणाऱ्या बायका अलीकडे. आम्ही म्हणायचो, वय झालं, उत्साह राहिला नाही.

"मी इतके दिवस उभी राहून पाहिलं," बाई म्हणाल्या. "कोणी ओलांडतच नाही हो. जाळीवरून उडी मारणारी दोन-चार तरणी पोरं सोडली तर कोणी नाही. म्हातारं माणूस एक नाही. मी जळलेल्या पोळ्या मोजल्या, जेवणारी माणसं मोजली, आणि त्या घरात चूल पेटते की नाही ते पाहिलंच नाही! इतकी वर्षं हेच काम केलं मी, शालनताई. इतकी वर्षं. आणि स्वतःच्या दारात चुकले."

मी खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्ची बाजूला सरकवली आणि दाराकडे निघाल्या. "चला माझ्यासोबत. तुम्ही असल्या की बायका दार उघडतात."

मग आम्ही दोघी दारोदार. बाईंचा एकच प्रश्न, पलीकडे पायानं शेवटचं कधी गेलात? आणि काय एकेक उत्तरं! "भाजी आता फोनवर मागवतो ना आम्ही." "बागेत डास फार." "तो डॉक्टर आता पहिल्यासारखा राहिला नाही." "माझे गुडघे." "ह्यांना आवडत नाही मी एकटी गेलेली." सगळ्यांची कारणं होती, रस्त्याचं नाव कुणी घेत नव्हतं. मलाही आधी नव्हतंच ना घेता आलं. म्हातारपणी भीती वाटते म्हणायला लाज वाटते, दुसरं काय. कुसुमने तर दारच अर्धं उघडलं. "मला वेळ नाही," म्हणाली आणि लावून घेतलं.

बाईंनी साहेबांना पुन्हा पुन्हा गाठलं. कचेरीत बसवून ठेवायचे, म्हणजे ह्या येरझारा घालायच्या. शिपायालाच चक्कर यायची म्हणे. शेवटी कंटाळून साहेब एकदा आमच्याकडे येतो म्हणाले, जागा बघायला. आवारात खुर्च्या मांडल्या. साहेबांनी विचारलं, "नवीन आकडे आहेत का मॅडम?"

"आकडा नाही. ह्या आहेत," बाई म्हणाल्या आणि आम्हा बायकांकडे हात केला. "ह्यांना विचारा, पलीकडे कधी गेल्या होत्या."

पुन्हा तेच. डास, गुडघे, डॉक्टर. साहेब घड्याळ बघायला लागले. बाईंचा चेहरा मला बघवेना. आणि तेवढ्यात मागून कुसुम उठली.

"साहेब, ह्या सगळ्या खोटं बोलतायत. मीपण बोलते रोज. मला भीती वाटते." तिचा तो खणखणीत आवाज एकदम बारीक झाला. "माझा मुलगा पोलंडला असतो. सगळ्यांना मिरवून सांगते मी. आणि समोरचा दवाखाना, हा इथे दिसतोय बघा, पाटीवरची अक्षरं वाचता येतायत, तिथे मी जाऊ शकत नाही. बीपीच्या गोळ्या वॉचमनकडून मागवते. मेले नाही मी रस्त्यावर, बरोबर आहे तुमचं. घरातून उतरलेच नाही तर मरणार कशी?"

मग हळूहळू एकेक जण बोलायला लागली. गुडघे बरे आहेत, पण चौकात हिरवा होऊन लाल कधी होतो कळत नाही. मागच्या वेळी मध्येच अडकले होते, तेव्हापासून नाही गेले. मी पण बोलले.

शेवटी बाई म्हणाल्या, "साहेब, दोन तऱ्हेच्या रस्त्यांवर माणसं मरत नाहीत. एक तो, जिथं चालायला भीती नाही. दुसरा तो, जिथं भीतीनं चालणंच बंद झालं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मलाही सारखेच दिसले. आता तुम्ही डोळ्यानं पाहून घ्या."

साहेब उठून जाळीपाशी जाऊन आले. म्हणाले, "लिहून द्या."

लगेच काही झालं नाही, सरकारी काम. पण झालं. जाळी कापली, पट्टे मारले, सिग्नल लागला. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळ्या पलीकडे गेलो. विमलच्या घरी भजन झालं, शिरा झाला, कुसुम गाताना रडली आणि वर म्हणाली की शिऱ्यात वेलची जास्त झाली. बाईंचा पत्ता नाही. मी वाटीत शिरा घेऊन खाली आले, तर बाई डिव्हायडरवर, अगदी मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या सुसाट आणि ह्या मान डावीकडे-उजवीकडे करतायत.

"अहो, काय हे? तुमच्यामुळे झालं सगळं आणि तुम्हीच नाहीत! घ्या, तोंड गोड करा."

त्यांनी वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "आता माणसं चालतील, शालनताई."

"मग चांगलंच की!"

"आजवर आकडा कमी होता, पण तो खोटा होता. आता जो येईल तो खरा येईल. आणि खरा आकडा असा रिकामा नाही येत, कोणाचं तरी नाव घेऊन येते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या बायका घरात सुखरूप होत्या. मी त्यांना बाहेर काढलं."

मी म्हटलं, काही होत नाही बाई, देव आहे, सिग्नल आहे. त्या म्हणाल्या, "हिरवा झाला. जा तुम्ही. पाहून जा."

तेव्हापासून त्या तिथेच. रोज, बायकांच्या जाण्यायेण्याच्या वेळी. आम्हाला एकेकटीने ओलांडू द्यायच्या नाहीत, घोळक्याने जायचं. एका दमात जमत नसेल तर निम्म्यावर थांबायचं, डिव्हायडरवर, पुढचा हिरवा येईपर्यंत; लाज वाटून घ्यायची नाही. एकदा एक स्कूटरवाला लाल असताना घुसला. कुसुमच्या पिशवीला त्याचा आरसा लागला, टोमॅटो रस्ताभर. कुसुमला काही झालं नाही, तिने त्याला असल्या शिव्या घातल्या की तो हेल्मेट सांभाळत पळाला. पण बाईंचा आवाजच बंद झाला. ओठ हलतायत आणि शब्द नाही. कुसुमनेच उलट त्यांना धरून फुटपाथवर आणलं, पाणी पाजलं. "अहो दरलाख मावशी, मी आहे जिवंत! चिमटा काढून बघा हवं तर. टोमॅटो मेले फक्त." मग दुसऱ्या दिवशी बाई परत साहेबांच्या दारात, हिरव्याचा वेळ वाढवा म्हणून. वाढवला त्यांनी, थोडासा.

वर्ष उलटलं. कुणाला काही झालं नाही. मी म्हटलं, आता तरी निवांत व्हा. तर म्हणाल्या, "एका वर्षावरून काही म्हणता येत नाही."

उन्हाळ्यात त्यांना तिथे चक्कर आली. प्रज्ञा नागपूरहून आली, आणि आईला घेऊन जायचंच ठरवून आली. दोघींचं माझ्यासमोर जुंपलं.

"आई, सिग्नल लागला ना? मग तू काय करून राहिली तिथं?"

"सिग्नलला डोळे नाहीत."

"तुझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे! आणि रस्ते नागपूरलाही आहेत. तिकडं उभी राहा. आमच्याकडे तर गाडीवाले अजून येडे आहेत, तुला करमेल."

बाई हसल्या नाहीत. मोतीबिंदूचं ऐकून मात्र, कधी निघायचं, एवढंच विचारलं. आपल्याला टेम्पोचा नंबर दिसत नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आम्ही फाटकाशी जमलो. गळ्यात पडणं, रडणं त्यांना जमायचं नाही. त्या सूचनाच देत होत्या. सावंतांना, की पट्टे पुसट झाले की पत्र पाठवा. मला, की कुसुम घाई करते, तिचा हात धरत जा. कुसुम म्हणाली, "मीच धरते हिचा, तुम्ही जा सुखाने." टॅक्सीचं दार लागलं. टॅक्सी पुढून वळसा घेऊन येणार होती. आम्ही दोघी तशाच विमलकडे निघालो. घरी जाऊन काय करायचं होतं त्या वेळी.

आमचा हिरवा झाला. पट्ट्यावर पाऊल टाकलं आणि बघते तर पलीकडच्या बाजूला थांबलेल्या गाड्यांत सगळ्यात पुढे बाईंचीच टॅक्सी. काच खाली. मी हात केला. त्यांनी केला नाही. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, माझ्या पायांकडे बघत होत्या. आम्ही डिव्हायडर गाठला, थांबलो नाही, पुढे निघालो. पाय भराभर उचलत नाहीत आता. आम्ही अजून पट्ट्यावरच, तोच बाईंच्या बाजूचा सिग्नल सुटला, हॉर्न सुरू झाले, पण ती टॅक्सी हलेना. मी वळून पाहिलं. बाईंचा एक हात ड्रायव्हरच्या खांद्यावर होता, दाबून धरलेला. आणि दुसरा खिडकीतून पूर्ण बाहेर, पंजा मागच्या गाड्यांकडे उघडा. मागे सगळा रस्ता बोंबलत होता.

कुसुमने मला फुटपाथवर ओढून घेतलं. मग तो हात आत गेला.